पट्टीकाकांची आठ टेराबाइट शून्यं

पट्टीकाकांच्या घरातल्या फ्रिजवर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं, आणि फ्रिजला अकरा वर्षं झाली होती. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक तर इतकं पिवळं पडलं होतं की आवाज वाढवायचं बटण कुठलं, हे घरात फक्त काकांच्या अंगठ्याला माहीत होतं. ओव्हनवरच्या घड्याळात पहिल्या दिवसापासून चार शून्यं लुकलुकत होती. काकूंनी एकदा ते घड्याळ लावायला हात पुढे केला, तेव्हा काकांनी तो वरच्या वर धरला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. वस्तू कारखान्यातून ज्या स्थितीत बाहेर पडते, ती स्थिती तिथल्या कुणा जाणत्या माणसाने डोकं खपवून ठरवलेली असते. आपण कोण तिच्यात लुडबुड करणारे?

पट्टीकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लोकांच्या घरांचे, शाळांचे, पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले, आणि निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काही सुटली नाही. सोसायटीत कुणी नवा सोफा घेतला की काका त्यावर बसण्याआधी तो मोजत. एकदा जिन्यात झोपलेलं मांजर त्यांनी शेपटीसकट मोजलं. ते साडेएकवीस इंच भरलं. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी हा प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि संध्याकाळपर्यंत काकांचं बारसं होऊन गेलं.

काकांचं स्वतःचं असं एक घर होतं. राहायचं नव्हे, राहायला ते दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतच राहत. हे घर कागदावर होतं. दोनशे अकरा कागदांवर, तीस वर्षं, पेन्सिलीने. दुपारी जेवण झालं की काका पलंगावर आडवे होत, पट्टी छातीवर ठेवत आणि डोळे मिटून त्या घरात जात. फाटकातून आत गेलं की निळसर उजेडाचा व्हरांडा, मग एक लांबच लांब बोळ आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना दारं. कुठल्या दारामागे काय आहे, हे दर दुपारी थोडं थोडं बदलायचं. कधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदी दिसे, कधी त्याच खिडकीत नुसतं ऊन येऊन बसलेलं असे. बोळाच्या टोकाला मात्र एक शेवटचं दार होतं, आणि त्यामागे काय असावं हे काकांना कधीच ठरवता आलं नव्हतं. ती खोली त्यांनी चौदा वेळा काढली आणि चौदा वेळा खोडली. शेवटी कंटाळून तिथे खात्याच्या नियमातली ठराविक दहा बाय दहाची खोली घातली आणि विषय संपवला.

चहाच्या वेळी जागे झाले की काका त्या दिवशीचा बदल काकूंना सांगत. काकू भाजी निवडता निवडता ‘हं’ म्हणत. एकदा ‘हं’, फार तर दोनदा. आपलं बोलणं ही बाई एका कानाने ऐकते आणि दुसऱ्या कानाने सोडून देते, अशी काकांची तीस वर्षांची पक्की समजूत होती. ड्राफ्ट्समनचीही मापं चुकतात, ती अशी.

आता पेटीकडे वळायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यामुळे झालं.

सोसायटीने दोन वर्षांपूर्वी एक पेटी घेतली होती. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत, विजेच्या मीटरांच्या रांगेखाली ती बसवलेली होती. दिसायला काळी, आकाराने बुटांच्या दोन खोक्यांएवढी, आणि चोवीस तास एकसुरात गुणगुणणारी. सगळ्या बिऱ्हाडांनी आपापले फोटो, कागदपत्रं आणि आवाजाच्या नोंदी तिच्यात ठेवायच्या. डॉक्टरांचे दातांचे एक्स-रे त्यातच, आणि सोसायटीचा कॅमेराही दिवसभराचं चित्रण तिच्यातच ओतत असे.

पेटी बसवणाऱ्या कंपनीच्या बाई, म्हणजे चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या एक पन्नाशीच्या, संथ बोलणाऱ्या बाई, सभेत म्हणाल्या होत्या की पेटीत वीस टेराबाइट जागा आहे आणि पंधराही बिऱ्हाडांना प्रत्येकी आठ मिळतील. सेक्रेटरींनी कागदावर गुणाकार केला आणि उभे राहिले. पंधरा आठे एकशे वीस होतात, हे त्यांनी सभेच्या निदर्शनास आणून दिलं. बाई शांतपणे म्हणाल्या की बरोबर आहे, पण आपल्या वाट्याची सगळी जागा कुणीच भरत नाही. म्हणून पेटी आधी नुसता शब्द देते. तुम्ही जसजसं लिहाल तसतशी खरी जागा तिथे येते; तोपर्यंत ती नसतेच.

डॉक्टरांना हे लगेच पटलं, कारण तेही सकाळी दहाची वेळ तिघांना देत आणि त्यातला एकच येई. काका मात्र अस्वस्थ झाले. नसलेली खोली नकाशात दाखवल्याबद्दल त्यांच्या खात्यात माणसं घरी बसली होती. त्यांनी निषेध नोंदवला आणि आपला वाटा घ्यायला साफ नकार दिला. पण खरं सांगायचं तर त्याच दुपारी झोपेत ते आपल्या घराच्या बोळात गेले, आणि पाहतात तो पुढे जमीनच नव्हती. त्यांनी भीत भीत पाऊल टाकलं, तशी पायाखाली एक फरशी आली. दुसरं टाकलं, दुसरी आली. असे ते चहाच्या वेळेपर्यंत चालत राहिले. हे स्वप्न त्यांनी काकूंना सोडून कुणालाही सांगितलं नाही, आणि काकूंनी ‘हं’ केलं.

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, नातीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नात सहा वर्षांची, दुसऱ्या गावी राहणारी. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, पण तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून चौदा दिवस अगदी स्वस्थ पडून राहायला सांगितलं. सहा वर्षांच्या मुलीला चौदा दिवस स्वस्थ पडायला सांगणं डॉक्टरांना सोपं होतं. त्यांना काय, सांगून ते निघून गेले. नातीने एक अट घातली. रोज आजीची गोष्ट हवी, आणि रोज नवी नको, एकच मोठी हवी.

तेव्हा काकू रोज दुपारी आतल्या खोलीत दार लावून, खिडकीवर गोधडी टाकून, एक एक भाग बोलत आणि तो थेट पेटीत जाई, कारण काकूंच्या फोनमध्ये आता सुईलाही जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तिकडे काकूंची मुलगी, म्हणजे नातीची आई, तो उघडून तिला ऐकवी. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. गोष्ट सगळी काकूंच्या डोक्यात होती.

काकांना या कारभारात काहीच काम नव्हतं, आणि तेच त्यांना लागलं. आपल्याच घरात दाराबाहेर बसायचं, पंखा बंद ठेवायचा, खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकायचं. बरं, गोष्ट कसली हे विचारावं तर काकू म्हणत, ‘असंच आपलं, मुलांचं.’ रुसलेला माणूस काहीतरी मोठं काम काढतो. काकांनी ठरवलं की आपणही आपले दोनशे अकरा कागद पेटीत ठेवायचे, आपल्या स्वतःच्या आठ टेराबाइटमध्ये, ऐसपैस. बाईंना फोन करून त्यांनी आपला वाटा मागितला. बाई येऊन जागा आखून देते म्हणाल्या, तर काका म्हणाले की आखण्यात आमची चौतीस वर्षं गेली आहेत, तुम्ही नुसती कृती पाठवा. बाईंनी नऊ पायऱ्यांचा एक कागद पाठवला. बाकी चौदा बिऱ्हाडांची जागा बाईंनी स्वतः आखली होती. काका तेवढे पंधरावे.

गुरुवारी जेवण झाल्यावर काका कम्प्युटरपुढे बसले. पहिल्या सहा पायऱ्या त्यांनी प्रत्येकी दोनदा वाचून पार पाडल्या. सातव्या पायरीवर नवी जागा फॉरमॅट करायची होती, म्हणजे कोरी करून वापरायला तयार करायची. पडद्यावर दोन चौकोन होते. एकापुढे ‘पूर्ण’ आणि एकापुढे ‘झटपट’. खूण आधीपासूनच ‘पूर्ण’वर होती. बाईंच्या कागदात लिहिलं होतं की ही खूण काढा आणि ‘झटपट’वर करा.

काका थबकले. एक तर कारखान्याने केलेली खूण काढायची. आणि करायची कशावर, तर ‘झटपट’वर. चौतीस वर्षांत झटपट म्हणून जे जे काही त्यांच्या टेबलावर आलं होतं, ते ते सगळं त्यांना पुन्हा काढावं लागलं होतं. एका शाळेचा जिना तर थेट पाण्याच्या टाकीत उतरत होता. काकांनी बाईंच्या कागदावर सातव्या पायरीसमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘असहमत’ असं लिहिलं, खाली सही केली, ‘पूर्ण’ची खूण तशीच ठेवली आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक पट्टी उगवली आणि तिच्यात डावीकडून निळा रंग अगदी सावकाश भरू लागला. काम किती कसोशीने चाललंय हे त्या सावकाशीवरूनच दिसत होतं. काका समाधानाने आडवे झाले आणि घरात गेले. बोळातल्या प्रत्येक खोलीत गवंडी चुना मारत होते. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, खिडकीतली नदीसुद्धा पांढरी. काकांनी एका खोलीत डोकावून पाहिलं तर चुना भिंतीवर मावेनासा होऊन जमिनीवरून वर चढत होता. ‘पुरे आता,’ असं ते गवंड्यांना म्हणाले, पण गवंडी म्हणाले की आम्हाला पूर्ण सांगितलंय.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला काकू आतल्या खोलीतून बाहेर आल्या. चौदावा आणि शेवटचा भाग झाला होता. चौदा दिवसांचं बोलणं घशात साठलं होतं. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि आवाजच बाहेर पडला नाही. हवा आली नुसती. काकांनी गरम पाणी दिलं, मीठ दिलं, ‘आता दोन दिवस एक शब्द नको’ असं बजावलं आणि सहज कम्प्युटरकडे पाहिलं. निळी पट्टी सत्त्याऐंशी टक्क्यांवर थांबली होती आणि लाल झाली होती.

पाचच मिनिटांत जिन्यात पावलं वाजू लागली. पेटी मुकाट झाली होती. मीटरच्या खोलीत जो तो जमला. डॉक्टर म्हणाले की एक पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलाय आणि त्याची दाढ पेटीत अडकली आहे. तिसऱ्या मजल्यावरचे हवामान खात्यातले निवृत्त गृहस्थ म्हणाले की पेटी तापली आहे, आणि घरून टेबलफॅन घेऊन आले. फॅन लावला. पेटीवरची धूळ सगळ्यांच्या डोळ्यांत गेली. डॉक्टरांनी ती बंद करून पुन्हा चालू करायला सांगितली. तेही केलं. त्या गडबडीत सोसायटीचा पाण्याचा पंप बंद झाला आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी साबण लावलेल्या अवस्थेत ओरडलं.

आणि या सगळ्यात पट्टीकाका काय करत होते? भाषण. हल्ली लोकांना धीर नाही, कुणीतरी घाईघाईत काहीतरी केलेलं असणार, झटपटच्या नादी लागलं की हे असं होतं, असं त्यांनी पट्टीने हवेत रेघा मारत सगळ्यांना समजावून सांगितलं. दोघातिघांनी मानाही डोलावल्या.

घरी काकूंनी पाटीवर लिहून विचारलं, ‘माझा भाग?’ काकांनी पेटीत पाहायचा प्रयत्न केला. काहीच उघडत नव्हतं. तेव्हा कुठे त्यांनी दिवस मोजले. उद्या शनिवार. उद्या चार वाजता नात शेवटचा भाग ऐकणार, आणि रविवारी सकाळी पट्टी सुटणार. मुलीचा फोन आला तोही हेच सांगायला की पोरगी आता अगदी टेकीला आलीय, उठून बसायला पाहते, डॉक्टरांनी तर डोकंही हलवायचं नाही म्हटलंय. ‘शेवट ऐकल्याशिवाय मी झोपून राहणार नाही,’ असं ती म्हणते. काका म्हणाले, ‘शेवट वेळेवर मिळेल. माझी हमी.’ फोन ठेवल्यावर त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पाटी पुसत होत्या.

शनिवारी सकाळी अकरा वाजता पेटीवाल्या बाई आल्या. मीटरच्या खोलीत स्टुलावर बसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पेटीची नोंद उघडली. मागे अर्धी सोसायटी उभी होती. बाईंनी बोटाने एक एक ओळ खाली सरकवली आणि म्हणाल्या, ‘दुसरा मजला, डावीकडचं दार.’

सगळ्यांच्या माना वळल्या. काकांनीही क्षणभर मान वळवली. मागे भिंत होती.

बाईंनी त्यांना दोष दिला नाही, आणि ते जास्त लागलं. त्या संथपणे सांगत गेल्या. झटपट केलं असतं तर पेटीने काकांच्या खोलीचा नुसता आराखडा करून ठेवला असता. पूर्ण म्हटल्यावर कम्प्युटरने आठच्या आठ टेराबाइटमध्ये प्रत्येक इंचावर एक एक शून्य लिहायला घेतलं. पेटीला शून्य आणि फोटो यांतला फरक कळत नाही. कुणीतरी लिहितंय म्हणजे जागा द्यायला हवी, एवढंच तिला ठाऊक. ती देत गेली. वीसपैकी तेरा सगळ्यांनी मिळून वापरलेली होती. उरलेली सात काकांच्या शून्यांनी खाल्ली.

‘म्हणजे,’ डॉक्टर हळूच म्हणाले, ‘सगळी सोसायटी काकांच्या काही-नाही-ने भरलीय.’

काकांच्या उभ्या आयुष्यात असा अपमान झाला नव्हता. चोरी केली असती तर निदान काहीतरी नेलं तरी असतं. त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं की बायकोचा भाग सुरक्षित आहे का. बाई म्हणाल्या की पेटीत जे पोचलं ते तिच्यात आहेच, पण जागा मोकळी झाल्याशिवाय ती कुणालाच काही उघडून देणार नाही. काकांची खोली काढून टाकली की क्षणात सगळं सुरू होईल. मात्र त्यासाठी पेटीचा मुख्य पासवर्ड लागतो, आणि तो सेक्रेटरींच्या कपाटात, लाखेने बंद केलेल्या पाकिटात असतो.

सेक्रेटरी हे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याकडे फक्त चार रबरी शिक्के होते, आणि शिक्के असलेला माणूस ते वापरल्याशिवाय राहत नाही. त्यांनी एक फॉर्म काढला. सोसायटीच्या तळघरात जुनं सामान ठेवायच्या कोठड्या होत्या. पेटीतल्या जागेसाठी वेगळा फॉर्म कुणी केलाच नव्हता, म्हणून कोठडी सोडण्याचाच फॉर्म इथेही लागू होता. सेक्रेटरी वाचत गेले आणि काका उभ्या उभ्या उत्तरं देत गेले. कोठडीला ओल आहे काय? नाही. उंदीर? नाही. कोठडीतील सामानाचं वर्णन?

‘शून्यं,’ काका म्हणाले.

सेक्रेटरींनी नगसंख्या विचारली. काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी बोटांवर काहीतरी धरलं आणि साधारण सात लाख कोटी होतील म्हणाल्या. सेक्रेटरींनी ‘सात लाख कोटी नग’ असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि पुढचं कलम वाचलं. कोठडी ज्या स्थितीत मिळाली त्या स्थितीत परत करीन. इथे मोठाच पेच आला, कारण मिळाली तेव्हा ती नव्हतीच. बाई म्हणाल्या की तेच तर करायचंय, नव्हती तशी परत करायची. सेक्रेटरींनी यावर बराच वेळ विचार केला. तोवर दोन वाजले होते.

मग खरी अडचण निघाली. कोठडी सोडायची तर सात दिवसांची नोटीस आणि सभेचा ठराव. काकांनी नातीचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, चार वाजताचं सांगितलं. सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नियमात ते कुठे बसवावं हे त्यांना कळेना. अखेर डॉक्टरांनीच फॉर्मची मागची बाजू वाचली. तिथे बारीक अक्षरात एक कलम होतं: कोठडीतील सामान कुजलेलं असून त्याचा इतर सभासदांना उपद्रव होत असल्यास सेक्रेटरी आपल्या अधिकारात ती तत्काळ रिकामी करवू शकतात. मात्र सामान कुजल्याचं सभासदाने स्वतःच्या सहीने कबूल केलं पाहिजे.

काकांनी फॉर्म हातात घेतला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही कागद नापास झालेला नव्हता. मोठ्या साहेबांनी एकदा त्यांची रेघ बोटाने तपासून ‘वा’ म्हटलं होतं. त्या हाताने त्यांनी लिहिलं, ‘माझं सर्व सामान कुजलेलं आहे, त्याचा सर्वांना त्रास होत आहे, आणि त्याला मी जबाबदार आहे.’ खाली सही केली. सवयीने पट्टी लावून सहीखाली रेघही मारली. सेक्रेटरींनी चारही शिक्के मारले आणि हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सव्वातीनला बाईंनी बटण दाबलं. बावीस तास खपून मांडलेली शून्यं डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली. पेटी पुन्हा गुणगुणायला लागली. डॉक्टर दाढेकडे धावले, आणि काका दोन दोन पायऱ्या चढत वर आले.

काकूंचा भाग होता. पण तीनच मिनिटांचा. पेटी भरली तेव्हा काकू बोलतच होत्या, आणि दाराआड त्यांना ते कळलं नव्हतं. काकांनी तो लावला आणि दोघं टेबलाशी बसून ऐकू लागले. ही गोष्ट काका पहिल्यांदाच ऐकत होते.

‘तर आता आपण बोळाच्या टोकाला आलो,’ काकूंचा आवाज म्हणाला. ‘नदीची खिडकी मागे राहिली, ऊन बसतं ती खिडकीही मागे राहिली. बघ, इथे पुढे जमीन नाहीये. भ्यायचं नाही. पाऊल टाकलं की फरशी येते, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि हे शेवटचं दार. आजोबा रोज दुपारी इथपर्यंत येतात आणि परत फिरतात. आज मात्र त्यांनी दाराला हात लावला, दार उघडलं, आणि आत…’

पुढे काही नव्हतं.

तीस वर्षांचे ते सगळे ‘हं’ एकदम त्यांच्या समोर येऊन उभे राहिले. एकही वाया गेला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग विचारलं, ‘आत काय होतं?’

काकूंनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘घर तुमचं आहे. तुम्ही सांगा.’

चारला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. मुलगी म्हणाली की पोरगी वाट बघतेय, भाग उघडू का? काका म्हणाले की शेवटचा भाग आज आजोबाच सांगणार आहेत, फोन तिच्या कानाशी धर. मग त्यांनी आधी तीन मिनिटांचा भाग लावला. तो ‘आत’वर थांबला, तसं तिकडून अगदी जवळून श्वास ऐकू आला.

‘आत काय होतं, आजोबा?’

काकांसमोर टेबलावर दोनशे अकरावा कागद पसरलेला होता. दहा बाय दहा. त्यात एखादा पलंग घालता आला असता, कपाट घालता आलं असतं. एक दार, एक खिडकी, नियमाप्रमाणे.

‘काही नव्हतं,’ ते म्हणाले.

‘काहीच नाही?’

‘काहीच नाही, बाळा. मी इतकी वर्षं तिथे काहीबाही मांडून बघत होतो. ते सगळं आज काढून टाकलं. ती खोली तुझी आहे.’

काकू पाटी छातीशी धरून बसल्या होत्या.

‘केवढी आहे?’ नातीने विचारलं.

एरवी या प्रश्नाला काकांनी फूट आणि इंच सांगितले असते. पट्टी खिशात होतीच. पण त्यांचा हात खिशाकडे गेला नाही.

‘तू चालशील तेवढी,’ ते म्हणाले.

‘मग आत्ता एक पाऊल टाकू?’

‘टाक. पण डोकं अजिबात हलवायचं नाही. पाय नुसता पांघरुणात पुढे सरकव.’

पांघरुणाची सळसळ ऐकू आली. ‘टाकलं,’ नात म्हणाली. मग जरा वेळाने, अर्धवट झोपेतल्या आवाजात म्हणाली, ‘फरशी आली. गार आहे.’ आणखी दोन पावलं टाकल्यावर ती बोलेनाशी झाली. मुलीने फोन घेऊन हळूच सांगितलं की झोपली, अगदी स्वस्थ झोपली.

काकांनी फोन ठेवला. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर येऊन कागदावर पसरलं होतं. त्यांनी खोडरबर घेतलं आणि त्या शेवटच्या खोलीची एक भिंत खोडली. मग दुसरी. मग तिसरीही. दार तेवढं ठेवलं. रबराचा चुरा त्यांनी फुंकरीने उडवला, आणि बोळाच्या टोकाला नुसता पांढरा कागद राहिला.

काकूंनी कागदाकडे पाहिलं. घसा खाकरला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा कसाबसा आवाज काढला.

‘मी तिथे मांजर ठेवलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘साडेएकवीस इंची.’

‘असू दे की,’ काका म्हणाले. ‘जागा आहे.’